लिफ्ट केलेली जिप्सी साठच्या पुढे थरथरते, अलाइनमेंट करूनही थरथर परत येते: शोधायचं कुठून?

तक्रार येते ती बहुतेक याच शब्दांत: जुनी जिप्सी घेतली, दीड-दोन इंच लिफ्ट केली म्हणजे उंच केली, टायर मोठे टाकले, पहिले काही आठवडे मजेत गेले. मग हायवेवर साठ-पासष्टच्या वेगात पुलाचा जॉइंट लागला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांना झटके देत डावी-उजवीकडे नाचायला लागलं. वेग तीसवर आला तेव्हा कुठे थांबलं. गॅरेजवाल्याने अलाइनमेंट करायला सांगितलं, केलं. बॅलन्सिंग केलं. नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके गिळणारा छोटा शॉकॲब्सॉर्बर) टाकला. दोन महिने गाडी शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खाली लिहिलंय ते मारुती जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून. १९८५ ची एक लिटरवाली असो की १९९६ नंतरची १.३ लिटरची किंग, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड ॲक्सल ही मांडणी तीच. त्यामुळे पाट्यांवरच्या जुन्या महिंद्रा जीपलाही, म्हणजे एमएम ५४० वगैरेंना, यातलं बरंचसं लागू पडेल. २०१० मध्ये आलेल्या थार सीआरडीईला पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार आहेत. तिचा लिफ्टचा आजार वेगळा आणि औषधही वेगळं, ती इथे नको.

थरथर चालत्या गाडीत सुरू झाली तर काय करायचं, ते आधी. स्टेअरिंगशी कुस्ती खेळू नका, घट्ट पण शांतपणे धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या. करकचून ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि झटके वाढतात. थांबल्यावर व्हील नट आणि टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा रॉड) टोकाच्या स्प्लिट पिना बघितल्याशिवाय पुढे निघू नका.

स्टेअरिंगची थरथर की शाफ्टची?

लोक दोन्हीला ‘व्हायब्रेशन’ म्हणतात आणि तिथेच गाडी चुकीच्या मिस्त्रीकडे जाते. स्टेअरिंगची थरथर खड्ड्याने किंवा जॉइंटने सुरू होते, स्टेअरिंग डोळ्यांना दिसेल इतकं हलतं, आणि वेग बराच उतरेपर्यंत थांबत नाही. प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याची थरथर पायाखाली, सीटखाली, गिअर लिव्हरमध्ये जाणवते. ती गुणगुणल्यासारखी असते, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलते, आणि स्टेअरिंग मात्र स्थिर असतं.

जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती मागे वेगळी, रबरी माउंटवर बसलेली आहे. म्हणजे शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर हा छोटा, एक पुढे जाणारा, एक मागे जाणारा. रबरं बसली की छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो आणि त्याचा दोष लिफ्टच्या माथी जातो. पुढच्या शाफ्टवर संशय असेल तर तो दोन्ही टोकांचे फ्लँज बोल्ट काढून सरळ उतरवा आणि टू व्हीलमध्ये चक्कर मारा. फ्लँज जागेवरच राहतात, ऑइल सांडत नाही. गुणगुण गेली तर चोर सापडला. मागच्या शाफ्टसाठी दोन गोष्टी बघायच्या: यूजे क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) ढिलाई आहे का, आणि ट्रान्सफरचा फ्लँज व डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर राहिलेत का. मागचे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) लांब केले की डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं आणि ही समांतरता मोडते. शाफ्टचं एवढंच. इथून पुढे सगळं स्टेअरिंगच्या थरथरीबद्दल.

अलाइनमेंटने का जात नाही

अखंड ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाल्याच्या हातात एकच गोष्ट असते: टो. टाय रॉड फिरवून दोन्ही चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर ते तो ठरवतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर ॲक्सलच्या घडणीत पक्के असतात, त्यांना फिरवायला बोल्टच नाही. म्हणून मशीनच्या पडद्यावर कॅस्टरचा आकडा लाल दिसत असला तरी तो माणूस ‘याला ॲडजस्टमेंट नाही’ म्हणतो, टो हिरवा करतो आणि पैसे घेतो. त्याचंही चूक नाही. पण तो लाल आकडाच तर तुमच्या आजाराचं नाव आहे. अलाइनमेंट केल्यावर प्रिंट मागून घ्या. आधीचे प्रिंट गाडीच्या कागदपत्रांत पडून असतील तर तेही काढा.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा, ज्या खिळ्यावर पुढचं चाक वळतं त्याचा, मागे झुकलेला कल. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून हात सोडून सायकल सरळ जाते, तेच काम इथे हा कल करतो: चाकाला सरळ रेषेत परत आणतो. जिप्सीला तो कंपनीतून साडेतीन अंशांच्या आसपास असतो. हा कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते, आणि चाकाला एक धक्का बसला की ते एका बाजूला जाऊन परत येताना मध्यावर थांबत नाही, दुसऱ्या बाजूला जातं.

आता लिफ्ट इथे काय करते ते बघा. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे, मागचं टोक चेसिसला कायम जोडलेलं. शॅकल लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने खाली जातं, मागचं आहे तिथेच. म्हणजे अख्खा पाटा पुढे झुकतो आणि त्याच्यावर बसलेला ॲक्सलही. पाट्याची लांबी मीटरभर धरा आणि शॅकल ५० मिलिमीटर लांब केलं समजा: उंची मिळते निम्मी, २५ मिलिमीटर, आणि कॅस्टर जातो जवळजवळ तीन अंश. साडेतीनातून तीन गेले तर उरलं काय? इंचभर उंचीसाठी हा सौदा मला कधीच पटलेला नाही. पुढे लांब शॅकल टाकून उंची मिळवणं हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारीही त्याच्याच.

तरीही एकट्या कमी कॅस्टरने गाडी नाचतेच असं नाही. कमी कॅस्टर, थोडी ढिलाई आणि जड टायर या तिघांची युती लागते. किंगचा मूळचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला की व्यास ७३३ च्या वर जातो, वजन वाढतं, आणि जुन्या टायरबरोबर जी ढिलाई खपून जात होती ती आता खपत नाही. जाता जाता: व्यास दहा टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टला असते. ‘माझी पंचावन्नलाच थरथरते’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

यात नवा डॅम्पर काय करतो? झटके गिळतो. दोष आहे तिथेच राहतो, डॅम्पर दिवसरात्र राबतो, आणि त्याचं तेल किंवा सील गेलं की थरथर परत. दरम्यान त्या बारीक थरथरीने टाय रॉडचे बॉल जॉइंट आणखी झिजलेले असतात, म्हणून दुसऱ्या खेपेला ती पहिल्यापेक्षा जोरात येते.

पैसे न घालता तपासायचं

पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मावळातल्या चिखलातून येऊन ही तक्रार करणाऱ्यांनी आधी रिमची आतली बाजू धुवावी. बाहेरून गाडी चकाचक असते आणि रिमच्या आतल्या खोबणीत एका बाजूला लाल मातीचा वाळलेला थर, मुठीएवढा. बॅलन्सिंगला दहा-वीस ग्रॅमचं शिसं लावतात आणि इथे पाव किलो माती चिकटलेली. प्रेशर वॉशचा पाइप चाकामागून आत मारायचा, चाक अर्धं फिरवायचं, पुन्हा मारायचा. कित्येक गाड्या इथेच बऱ्या होतात.

मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. थरथर बदलली, तिचा वेग बदलला, किंवा स्टेअरिंगमधून निघून सीटखाली गेली, तर दोष टायर-रिममध्ये आहे. टायरच्या भिंतीवरचे चार आकडेही वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सेकंडहँड मड टायर दिसायला काट्यांनी भरलेले असतात, पण एकाच जागी महिनोन् महिने उभ्या गाडीवरचे असले तर खालून चपटे झालेले असतात आणि बॅलन्सिंगने ते गोल होत नाहीत. रिम बाहेर काढणारे स्पेसर किंवा जास्त बाहेर येणारी रिम असेल तर तपासापुरती मूळची रिम लावा. चाक जितकं बाहेर, तितका खड्ड्याचा धक्का स्टेअरिंगला मोठ्या दांड्याने बसतो.

ढिलाई शोधणं

इथे वेळ द्या. दोन माणसं लागतात. एक स्टेअरिंगवर, एक गाडीखाली. चाकं जमिनीवरच ठेवा, जॅक लावू नका, कारण वजन असतानाच जॉइंट खरा प्ले, म्हणजे ढिलाई, दाखवतो. वरचा माणूस स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं झपझप हलवत राहील. खालच्याने एकेका जॉइंटवर तळहात ठेवायचा, अर्धा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी टिचकी हाताला लागते. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा दांडा), ड्रॅग लिंकची (तो दांडा चाकाला जोडणारा रॉड) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टेअरिंग बॉक्स चेसिसला बसतो ते बोल्ट. बॉक्सभोवतीचं चेसिस तारेच्या ब्रशने घासून बघा. जुन्या गाडीत तिथे गंजाखाली केसाएवढी चीर असू शकते, आणि बॉक्स स्वतःच हलत असेल तर बाकी सगळं नवं टाकूनही उपयोग नाही. समुद्राकाठी वाढलेल्या गाड्यांना हे जास्त लागू.

मग जॅक लावा. ॲक्सलखाली घोडे (स्टँड) ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाला धरून हलवा. खट्ट आवाज आला की दोन संशयित: व्हील बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग. आता वरच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. एवढ्या साध्या युक्तीने दोन दिवसांची चुकीची खोलाखोल वाचते.

किंगपिन ही जिप्सीची दुखरी जागा. बंद नकलच्या (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) आत वर-खाली दोन बेअरिंगं, आणि त्यांच्यावर किती दाब बसायचा ते वरच्या-खालच्या झाकणांखालचे शिम (पातळ चकत्या) ठरवतात. नकलच्या सीलमधून पाणी-चिखल आत गेला की बेअरिंगचे रोलर बाहेरच्या रिंगवर खाचा पाडतात. मग नकल सरळ स्थितीत सैल आणि वळलेल्या स्थितीत घट्ट लागतं, आणि थरथर नको तिथेच, म्हणजे सरळ रस्त्यावर मिळते. तपासायला टाय रॉड सोडवा, नकल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यावर हलकासा ‘खड्डा’ लागला तर बेअरिंग गेलं, शिम काढून ते बरं होणार नाही. बेअरिंग चांगलं असेल आणि दाब कमी असेल तर एकेक शिम कमी करत, ताणकाट्याने ओढ मोजत, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचं. ‘हाताला बरं वाटतंय’ हे माप इथे चालत नाही. नकलच्या गोळ्याभोवतीचं सील याच वेळी बदलून टाका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा.

स्टेअरिंग बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू आवळून प्ले काढायची एक वाईट सवय आहे. थोडा प्ले तिथे असायलाच हवा. स्क्रू जास्त आवळला की मध्यावर स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर परत येत नाही, आणि लक्षणं कमी कॅस्टरसारखीच दिसतात. मग पुढचा मिस्त्री कॅस्टरच्या मागे लागतो.

कॅस्टर मोजा, मग वेज लावा

ढिलाई संपल्याशिवाय इथे येऊ नका, पण ती संपल्यावर इथे यायचं टाळूही नका.

घरच्या घरी मोजायची सोय आहे. अखंड ॲक्सलमध्ये नकल आणि डिफरन्शियल एकाच नळीला पक्के असतात, त्यामुळे ॲक्सल जितका फिरला तितकाच कॅस्टर बदलला आणि तितकंच डिफरन्शियलचं तोंड वर किंवा खाली गेलं. लिफ्ट करायच्या आधी सपाट फरशीवर गाडी उभी करून पुढच्या डिफरन्शियलच्या फ्लँजवर चुंबकी अँगल गेज लावा, आकडा खडूने गार्डवर लिहून ठेवा. फोनमधलं ॲपही चालतं, फक्त दोन्ही वेळा फोन त्याच बाजूने टेकवा. लिफ्टनंतर त्याच जागी पुन्हा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुम्ही गमावलेला कॅस्टर. लिफ्ट आधीच झालेली असेल तर अलाइनमेंटचा प्रिंट आहेच.

गमावलेला कॅस्टर परत आणायला पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये तिरकी पट्टी, म्हणजे वेज घालतात. दोन-अडीच अंशांच्या वेज तयार मिळतात. लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यू-बोल्टच्या दाबाखाली चेपतात, कडा फुटतात, आणि मग यू-बोल्ट आपोआप सैल.

वेजची दिशा हा यातला सगळ्यात मोठा घोळ. ओळखीतल्या एका १९९८ च्या किंगची गोष्ट: पाट्यांची कमान वाढवलेली, वर इंचभर लांब शॅकल, वेजसुद्धा घातलेल्या. टाय रॉडची टोकं नवी, किंगपिन बेअरिंगं नवी, डॅम्पर दुसरा. तरी गाडी पासष्टला नाचायची. अलाइनमेंटच्या प्रिंटवर कॅस्टर चक्क उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, दोन्ही बाजूंना. खाली वाकून बघितलं तर वेजचं जाड टोक मागे. बसवणाऱ्याचं आयुष्य स्प्रिंग-ओव्हर, म्हणजे पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाड्यांवर गेलेलं, तिथे जाड टोक मागेच जातं, त्याने हातच्या सवयीने तेच केलं. पण या गाडीचे पाटे कंपनीने दिले तसे ॲक्सलच्या खालीच होते.

डोक्यात असं ठेवा: ॲक्सलची पुढची बाजू वर उचलायची आहे, म्हणजे किंगपिनचं डोकं मागे झुकेल. पाटा खाली आणि ॲक्सल वर असेल तर जाड टोक पुढे घातलं की ॲक्सलची पुढची बाजू उचलली जाते. पाटा ॲक्सलच्या वर नेलेला असेल तर जाड टोक मागे. त्या गाडीच्या अडीच अंशांच्या वेज उलट्या फिरवल्या आणि कॅस्टर एकदम पाच अंशांनी सरकून साडेचारच्या जवळ आला. डॅम्पर तोच, टायर तेच.

वेज घालताना सेंटर बोल्टकडे लक्ष द्या. मधे पट्टी आल्यामुळे बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्वीइतकं खोल जात नाही. ते नुसतं काठावर टेकलेलं असेल तर पहिल्या मोठ्या धक्क्याला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो. लांब बोल्ट घ्या, डोकं भोकात बसलेलं डोळ्याने बघा, मगच यू-बोल्ट आवळा.

किती कॅस्टर आणायचा? कंपनीच्या आकड्याला परत आलात तर पुरे. मोठ्या टायरसाठी अंश-दीड अंश जास्त चालतो. त्याच्या पुढे हाव धरू नका, कारण डिफरन्शियलचं तोंड तितकंच खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस वाकड्या कोनात फिरायला लागतो. पाटे ॲक्सलवर नेलेल्या पाच इंची लिफ्टमध्ये ही ओढाताण वेजने सुटतच नाही. तिथे नकलचा गोळा नळीपासून कापून फिरवून पुन्हा वेल्ड करावा लागतो. ते काम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचं नव्हे.

ड्रॅग लिंक

गाडी वर गेली, ॲक्सल खाली राहिला, मधली ड्रॅग लिंक तिरकी झाली. तिरक्या लिंकमुळे खड्ड्यात ॲक्सल वर येताना ती चाकांना स्वतःच थोडं वळवते. दीड इंचापर्यंत हे सहन होतं. त्याच्या पुढे झेड आकाराची लिंक किंवा नकलवर उंच स्टेअरिंग आर्म हे दोन मार्ग, आणि दुसरा जास्त चांगला. कंपनीची लिंक तापवून वाकवणं किंवा कापून मधे तुकडा जोडणं यातलं काहीही करू नका, कुणी करून देत असेल तरी. स्टेअरिंगचा रॉड घाटात तुटला तर दुरुस्तीला मालक उरत नाही.

बरी झालेली थरथर परत का येते

वरचं सगळं नीट केलेल्या गाड्याही कधी कधी सहा-आठ महिन्यांनी परत येतात. तेव्हा माझा पहिला संशय रबरी बुशवर असतो. पाट्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना पक्के आवळले की रबर त्याच स्थितीत चिकटतं. गाडी खाली आली, पाटा दाबला गेला, रबर पिळलं गेलं. ते कायम पिळलेलंच चालतं आणि फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी खाली उतरवा, बंपरवर दोन-चारदा उभं राहून झोका द्या, आणि पूर्ण वजनावर शेवटचं आवळा. बुश बदलताना जुनं रबर एकाच बाजूला फाटलेलं दिसलं तर गेल्या वेळी हवेत आवळलं होतं असं खुशाल समजा.

दुसरा संशय यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट काढून पुन्हा वापरू नका, त्यांचे आटे ताणलेले असतात. नव्यांनाही पाटे बसल्यावर ढील येते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पाना घेऊन पुन्हा आवळायचे. हे काम गॅरेजवाले सांगतात आणि मालक विसरतात. ॲक्सल सरकलाय का ते बघायला दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत फीत लावा, स्टेअरिंग सरळ ठेवून. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. एक बाजू २३७५ आणि दुसरी २३६५ आली तर सेंटर बोल्ट तपासा.

तिसरं, पाटे बसणं. आपल्याकडे नवा सेट घेण्याऐवजी पाटेवाल्याकडे जुने पाटे तापवून कमान वाढवून घेतात. लाल तापवून ठोकलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाचा टेम्पर) उतरतं, मग ते नीट चढवायला भट्टी आणि तेलाचं टाकं असलेला कारागीर लागतो. नुसतं तापवलं-ठोकलं-पाणी मारलं एवढ्यावर काम झालं तर पाटा काही महिन्यांत बसतो किंवा तुटतो. तोही एका बाजूला आधी बसतो, बहुतेक ड्रायव्हरच्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या गार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिफ्टच्या दिवशी दोन्ही बाजूंचं लिहून ठेवलं असेल तर हे एका मिनिटात कळतं. नवा पाटा सेट महाग वाटतो, पण दोनदा कमान काढून, दोनदा बुश आणि एकदा टायर खाल्ल्यावर हिशोब तिथेच येतो.

लिफ्ट झालेल्या दिवशी आणखी दोन गोष्टी बघायच्या, त्या थरथरीशी संबंधित नाहीत पण जीवाशी आहेत. गाडी चेसिसवर उचला, ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या, आणि ब्रेकचे होज ताणले जातात का ते दोन्ही बाजूंना स्टेअरिंग पूर्ण वळवून बघा. शॉकॲब्सॉर्बर लांबीने कमी पडत असतील तर ॲक्सलला तेच रोखून धरतात आणि त्यांचे माउंट तुटतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीतले तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. यातल्या बहुतेक गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या, त्यांना दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला न्यायचं असतं. मूळचे पाटे, शॅकल आणि रिम भंगारात देऊ नका. अपघातात विमा कंपनीने बदलावर बोट ठेवलं तर तिथे वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

सगळं झालं की टो शेवटी. कॅस्टर बदलला की टोही हलतो, त्यामुळे आधी केलेली अलाइनमेंट फुकट जाते. दोन ते चार मिलिमीटर टो-इन ठेवा, प्रिंट घ्या, आणि या वेळी कॅस्टरच्या रकान्यात काय आलंय ते काउंटरवरच वाचा. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर एखादा पाटा बसलाय किंवा एका बाजूची वेज नीट टेकलेली नाही, तिथून परत मागे जायचं.

चाचणी घ्यायची ती डॅम्पर काढून. सकाळी लवकर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, चाळीसपासून पाच-पाचने वाढवत, शेजारी एक माणूस बसवून. जिप्सीचा पुढचा भाग निरोगी असेल तर डॅम्परविनाही खड्ड्यावर एकदा हलून ती सरळ होते. पन्नासलाच झटके सुरू झाले तर परत फिरा, काहीतरी राहिलंय, बहुतेक किंगपिन. सत्तरपर्यंत शांत गेली तर डॅम्पर परत लावा. जुना असला तरी चालेल.